छापलेली कूर्चा आणि झिजलेला गुडघा

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली माणसाच्या गुडघ्यातल्या कूर्चेचं वय काढलं. या कामी त्यांना शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्या उपयोगी पडल्या. १९५०च्या दशकात आणि पुढे १९६३पर्यंत उघड्या हवेत जे स्फोट केले गेले, त्यांनी वातावरणातल्या कार्बन-१४चं प्रमाण जवळजवळ दुप्पट करून ठेवलं होतं. चाचणीबंदीचा करार झाल्यावर ते दरवर्षी थोडंथोडं उतरत गेलं. हा कार्बन पिकांत गेला, पिकांतून ताटात आला आणि ताटातून माणसाच्या अंगात. त्यामुळे शरीरातलं एखादं प्रथिन साधारण कोणत्या सालात तयार झालं, हे त्यातल्या कार्बन-१४वरून ताडता येतं. कूर्चेतल्या कोलॅजेनबाबत उत्तर असं निघालं, की हे कोलॅजेन माणूस वयात येईस्तोवर तयार होतं आणि पुढे त्यात नवी भर जवळपास पडतच नाही. साठीच्या माणसाच्या गुडघ्यात जे कोलॅजेन असतं, ते त्याच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतलं. निरोगी गुडघ्यात तसंच आणि संधिवाताने खराब झालेल्या गुडघ्यातही तसंच.

लंडनचा शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर याने १७४३ सालीच रॉयल सोसायटीपुढच्या निबंधात सांगून ठेवलं होतं, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. त्याच्या हाती किरणोत्सार मोजणारी यंत्रं नव्हती. नुसत्या डोळ्यांनी पाहून काढलेला निष्कर्ष होता. आज त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली आणि निष्कर्ष अजून उभा आहे.

म्हणूनच ‘प्रयोगशाळेत कूर्चा छापली, आता गुडघे बदलण्याची गरज नाही’ अशा थाटाची बातमी अधूनमधून झळकते, तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांची माणसं ती कात्रणासारखी जपून ठेवतात, एकमेकांना पाठवतात. बातमीचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा अर्धा अजून खरा झालेला नाही, आणि तो का झाला नाही याचं कारण प्रिंटरपेक्षा गुडघ्यातच जास्त आहे.

तेव्हा आधी गुडघा पाहू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर असतो. वाटीच्या आतल्या बाजूला तो याहूनही जाड असतो. हीच कूर्चा, बोलीभाषेतली ‘गादी’. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पेशी आहेत, पण शंभर भागांत जेमतेम दोन-चार भाग. बाकी सारा पसारा पाण्याचा, कोलॅजेनच्या धाग्यांचा आणि अ‍ॅग्रेकन नावाच्या भल्यामोठ्या रेणूंचा. अ‍ॅग्रेकनवर ऋण विद्युतभार खच्चून भरलेला असल्याने तो पाणी ओढून घेतो आणि फुगू पाहतो. कोलॅजेनची वीण त्याला फुगू देत नाही. या दोघांच्या ओढाताणीत कूर्चा कायम आतून ताणलेली राहते. पाय टेकला की भार आधी या कोंडलेल्या पाण्यावर येतो. पाण्याला चटकन निसटता येत नाही, म्हणून हाडावर घाव बसत नाही.

कूर्चेचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ही वीण किती बारकाईने घातलेली आहे ते कळतं. अगदी वरच्या पापुद्र्यात कोलॅजेनचे धागे पृष्ठभागाला समांतर पडलेले असतात आणि तिथल्या पेशी चपट्या. घासण्याचं काम या थराचं. मधल्या थरात धागे तिरके-वाकडे, पेशी गोल. खालच्या थरात धागे थेट उभे, आणि पेशी एकाखाली एक रांगेत उभ्या. त्याच्याही खाली कॅल्शियम भरलेला थर, जो हाडात घट्ट रुजलेला असतो. चार मिलिमीटरच्या आत चार निरनिराळ्या प्रकारचा माल, आणि त्यांच्यात सांधा कुठेच दिसत नाही. प्रिंटरला नेमकं हे जमवायचं आहे.

भार किती, याचाही अंदाज हवा. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच संवेदक बसवून तो मोजला आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून अधिक भार येतो, जिना चढताना तिपटीहून अधिक आणि उतरताना जवळपास साडेतीनपट. सत्तर किलोच्या माणसाने एक पायरी उतरावी आणि गुडघ्याने सुमारे अडीचशे किलो झेलावेत, असा हा रोजचा व्यवहार आहे.

मज्जातंतू नसल्याने कूर्चा झिजताना कळ येत नाही. दुखायला लागतं ते खालच्या हाडावर ताण येऊ लागल्यावर, सांध्याचं अस्तर सुजल्यावर. म्हणजे माणूस डॉक्टरकडे पोचेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. (इथे संधिवात म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, झिजेचा संधिवात. आमवात हा वेगळा आजार, त्याची औषधं वेगळी.) २०२० साली जगात सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना हा झिजेचा संधिवात होता असा अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा गुडघ्यांचा.

कूर्चा दुरुस्त करण्याचे प्रयत्न प्रिंटरच्या कितीतरी आधी सुरू झाले. अमेरिकेत कोलोरॅडोमधले शल्यविशारद रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात एक सोपी युक्ती रूढ केली: कूर्चेला जिथे खड्डा पडला आहे तिथल्या हाडाला बारीक भोकं पाडायची, आतला मगज आणि रक्त वर येऊ द्यायचं, त्यातल्या पेशी खड्डा भरतील. भरतात. पण भरून येतं ते मूळच्या जातीचं ऊतक नसतं. ते व्रणासारखं, तंतुमय, वेगळ्या प्रकारच्या कोलॅजेनचं असतं. काही वर्षं बरी जातात, मग ते विरू लागतं.

स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात मॅट्स ब्रिटबर्ग आणि लार्स पीटरसन यांनी वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या कडेवरून कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी सोडवून प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात सोडून वर हाडाच्या आवरणाचं ठिगळ शिवायचं. १९८७मध्ये सुरू झालेल्या या कामाचा अहवाल १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३ रुग्ण होते. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आलेला होता. वाटीच्या आतल्या बाजूला खड्डा असलेल्या सातांपैकी फक्त दोघांना. तेच शल्यविशारद, तीच पद्धत, जागा फक्त बदललेली. हा आकडा मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका वाटतो. पुढे याच पद्धतीच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पेशी कोलॅजेनच्या पडद्यावर रुजवून तो पडदाच खड्ड्यात बसवण्याच्या उपचाराला अमेरिकेने डिसेंबर २०१६मध्ये मान्यता दिली. भारतातही रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून परत बसवण्याच्या उपचाराला २०१७मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. तो तयार करणारी रिग्रो बायोसायन्सेस ही कंपनी मुंबईची.

या सर्व उपचारांत एक अट समान आहे आणि जाहिरातींत ती बारीक अक्षरांत असते. गुडघा बाकी धड हवा. फुटबॉल खेळताना, दुचाकीवरून पडताना कूर्चेचा एखादा टवका उडालेला, भोवतालची कूर्चा शाबूत, माणूस शक्यतो पंचेचाळीस-पन्नाशीच्या आतला. संधिवाताचा गुडघा या अटीत बसत नाही.

आता प्रिंटर. टेक्सासमधल्या रॉबर्ट क्लेब यांनी १९८८मध्ये साध्या इंकजेट प्रिंटरमधून शाईऐवजी फायब्रोनेक्टिन हे पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन छापलं आणि त्या नक्षीवर पेशी बसवल्या. २००३च्या सुमारास क्लेमसन विद्यापीठातल्या थॉमस बोलंड यांनी जिवंत पेशीच प्रिंटरमधून सोडल्या. इंकजेटचं छिद्र आणि मानवी पेशी यांची मापं जुळतात हे एक सुदैवच म्हणायचं. गुडघ्याच्या बाबतीत लक्षात राहण्यासारखं काम कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या स्क्रिप्सच्या प्रयोगशाळेत झालं. डॅरिल डिलिमा आणि सहकाऱ्यांनी ऑफिसात असतो तसा जुना इंकजेट प्रिंटर घेतला, त्यात फेरफार केले, काडतुसात मानवी कूर्चापेशी आणि प्रकाशाने घट्ट होणारं द्रव बहुवारिक भरलं, आणि हाड-कूर्चेच्या तुकड्यात मुद्दाम पाडलेल्या खड्ड्यात ते थेट छापलं. छापता छापताच वरून अतिनील प्रकाश पडत होता, त्यामुळे प्रत्येक थेंब पडल्या जागी थिजत होता आणि पेशी गाळासारख्या तळाशी बसत नव्हत्या. २०१२मध्ये हे प्रसिद्ध झालं. छापलेला भाग कडेच्या जुन्या कूर्चेला धरून राहिला, हे त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण. मात्र हा सगळा प्रयोग शरीराबाहेरचा होता.

आज बहुतेक ठिकाणी थेंब उडवणाऱ्या यंत्रापेक्षा सिरिंजमधून दोरा दाबून काढणारं यंत्र वापरतात. चकलीचा सोऱ्या ज्यांनी हाताळला आहे त्यांना त्यातली अडचण समजवावी लागणार नाही. पीठ सैल असेल तर चकली ताटात पसरते, घट्ट असेल तर काटे तुटतात आणि हात भरून येतो तो वेगळाच. बायोइंकचं, म्हणजे छापायच्या या जेलच्या शाईचं, तेच आहे, फक्त तिच्यात पेशी जिवंत असतात. घट्ट जेल बारीक नोझलमधून रेटली तर कडेच्या घर्षणाने पेशी फाटतात. सैल ठेवली तर छापलेला आकार बसतो. म्हणून गेल्या दीड दशकातलं बरंचसं डोकं या शाईपायी खर्च झालं आहे. समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट कॅल्शियमचं पाणी लागताच घट्ट होतं. जिलेटिनला रासायनिक शेपूट जोडलं की ते निळ्या प्रकाशात घट्ट होतं. पुन्हा गोथेनबर्गमध्येच २०१५ साली लाकडापासून काढलेले सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू अल्जिनेटमध्ये मिसळून शाई बनवली गेली. ती नोझलमध्ये वाहते आणि बाहेर पडताच उभी राहते. सेलिंक ही बायोप्रिंटर विकणारी कंपनी त्याच शहरात उभी राहिली. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष यांच्या गटाने रेशमातलं फायब्रॉइन आणि जिलेटिन यांची शाई तयार करून तिच्यात कूर्चा वाढवण्याचं काम केलं आहे. रेशीम आपल्याकडे मुबलक आणि शरीराला ते खुपत नाही, त्यामुळे या वाटेला भारतात अर्थ आहे.

दुसरी अडचण ताकदीची. निरोगी कूर्चेच्या मानाने या जेली फारच मऊ. कित्येकदा शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या गटाने २०१५मध्ये यावर देखणा उपाय दाखवला. वितळलेल्या प्लास्टिकचे केसाहून बारीक धागे विद्युतदाबाखाली अंथरून त्यांची चौकटीदार जाळी विणायची आणि तिच्यात जेल भरायची. जाळी आणि जेल वेगवेगळ्या पाहिल्या तर दोन्ही लेच्यापेच्या, एकत्र आल्यावर मात्र ताठपणा ५४ पटींपर्यंत वाढला. जागेच्या मानाने प्लास्टिक अगदी थोडं. बाकी जागा पेशींना मोकळी. जपानमध्ये तर शाईच टाळणारी पद्धत निघाली: पेशींचे बारीक गोळे करून ते सुयांवर ओवायचे, गोळे एकमेकांना चिकटले की सुया काढून घ्यायच्या. आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे शल्यविशारद आणि वोलोंगाँग विद्यापीठातले संशोधक यांनी प्रिंटरच हातात दिला. ‘बायोपेन’ नावाचं हे उपकरण जाड पेनासारखं धरायचं आणि खड्डा पडलेल्या जागी शाई भरायची. पेनातून निघणाऱ्या दोऱ्याचा गाभा पेशींचा आणि साल जेलीची असते. प्रकाशाने घट्ट करणारं रसायन फक्त सालीत, म्हणजे पेशींना त्याची झळ लागत नाही. मेंढ्यांच्या गुडघ्यांत ते वापरून झालं आहे. खड्ड्याचा आकार कधीच मापात नसतो, तो आत गेल्यावरच नीट कळतो. शल्यविशारदाच्या हातावर भरवसा टाकणारी ही कल्पना मला टेबलावरच्या अजस्र यंत्रांपेक्षा जास्त पटते.

छापून झालं म्हणजे कूर्चा झाली असं नाही. छापलेल्या वस्तूत पेशी असतात आणि जेल असते. कोलॅजेनची वीण आणि अ‍ॅग्रेकनचा साठा पेशींनी पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत स्वतः तयार करायचा असतो. यकृत किंवा मूत्रपिंड छापताना रक्तवाहिन्यांचा प्रश्न आडवा येतो, कूर्चेत तो नाही. म्हणून छापण्याच्या दृष्टीने कूर्चा सोप्यातली, अशी समजूत या क्षेत्रात सुरुवातीपासून आहे. ती चुकीची नाही. पण ज्या कारणाने कूर्चा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही त्याच कारणाने तिला बाहेरून आणलेला तुकडा चिकटवून घेणंही जड जातं. रक्त नाही, पेशी मोजक्या, त्याही दाट ऊतकात अडकलेल्या. हाडाशी नवा तुकडा जुळतो. बाजूच्या जुन्या कूर्चेशी मात्र फट राहण्याचा धोका असतो, आणि रोजच्या हजारो पावलांखाली ती रुंदावते.

पेशी कुठून आणायच्या हाही प्रश्न वाटतो तितका साधा नाही. रुग्णाच्या कूर्चापेशी सपाट तबकडीत वाढवल्या की त्या आपलं मूळ काम विसरू लागतात आणि व्रणातल्या पेशींसारख्या वागतात. मगजातल्या मूळपेशी घेतल्या तर त्या कूर्चा बनवतात, पण तिथेच थांबत नाहीत. कूर्चेचं हाड करण्याची त्यांची ओढ असते, कारण गर्भात बहुतेक हाडं अशीच बनतात. टोकाई विद्यापीठातल्या जपानी डॉक्टरांनी वेगळंच काही शोधलं: सहा बोटं घेऊन जन्मलेल्या बाळांचं जादा बोट काढून टाकतात, त्यातली कूर्चा. तान्ह्या बाळाच्या पेशी, वाढीला जोमदार. त्यांच्या पातळ चकत्या करून त्यांनी संधिवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यांवर ठेवल्या.

आणि स्वित्झर्लंडमध्ये बासेलला इव्हान मार्टिन यांच्या गटाने पेशी घेतल्या नाकातून. नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यातून सहा मिलिमीटरचा तुकडा, भूल फक्त तेवढ्या जागेची. दोन आठवडे पेशी वाढवायच्या, पुढचे दोन आठवडे कोलॅजेनच्या पडद्यावर रुजवायच्या. महिन्याभरात ३० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा तयार होतो, जो कात्रीने कापून खड्ड्याच्या मापाचा करता येतो. नाकाची कूर्चा गर्भात गुडघ्याच्या कूर्चेपेक्षा वेगळ्या पेशींपासून बनते आणि नव्या जागेशी जुळवून घेण्यात ती सरस ठरली आहे. २०१६मध्ये अपघाती खड्डे असलेल्या दहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. २०२१मध्ये त्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं: वाटीच्या मागचा सांधा संधिवाताने खराब झालेल्या दोन रुग्णांत हा तुकडा बसवला. नाकाच्या पेशींनी सुजलेल्या सांध्यात तग धरला, आणि आजूबाजूची जळजळ कमी करणारे संकेतही त्या देतात असं प्रयोगांत दिसलं. दोन रुग्ण म्हणजे काहीच नाही, हे खरं. पण संधिवाताच्या माणसाच्या गुडघ्यात प्रत्यक्ष बसवलेल्या या तुकड्याला प्रिंटरचा स्पर्शही झालेला नव्हता, हे नोंदवण्यासारखं आहे. माझ्या मते पेशी कोणत्या आणि त्या किती दिवस पिकवल्या याला जेवढं महत्त्व आहे, तेवढं त्या कशाने मांडल्या याला अजून आलेलं नाही.

आता मुळाशी येऊ. संधिवाताचा गुडघा म्हणजे खड्डा पडलेला गुडघा, अशी समजूत धरूनच बहुतेक बातम्या लिहिलेल्या असतात. प्रत्यक्षात तो अख्ख्या सांध्याचा आजार आहे. अस्तर सुजलेलं असतं आणि त्यातून पाझरणारी रसायनं कूर्चेतल्या पेशींना कोलॅजेन आणि अ‍ॅग्रेकन तोडणारी विकरं बनवायला लावतात. खालचं हाड निबर होतं, कडांना हाडाचे काटे फुटतात. दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती फाटलेली किंवा जागेवरून सरकलेली असते. आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत सर्रास दिसतो तो पायांचा बाक: गुडघे बाहेरच्या बाजूला, भार सगळा आतल्या अर्ध्यावर. अशा गुडघ्यात जगातली उत्तमातली उत्तम छापलेली कूर्चा बसवली, तरी ज्या रसायनांनी जुनी खाल्ली तीच नवीही खाणार आणि ज्या भाराखाली जुनी घासली गेली त्याच भाराखाली ती येणार. टोकाईच्या डॉक्टरांनी पेशींच्या चकत्या ठेवल्या त्या नुसत्या नाहीत; नडगीचं हाड कापून पायाचा बाक काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सोबत केली. मग गुण नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच, पण क्रम त्यांनी बरोबर धरला असं मला वाटतं.

२०२२मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवला गेला, तेव्हा आता गुडघे दूर नाहीत असं बऱ्याच जणांनी लिहिलं. कान आणि गुडघा दोन्हीकडे कूर्चाच, हे कबूल. पण कानावर कोणी उभं राहत नाही, आणि त्या कानाला सुजलेल्या सांध्यात दिवस काढायचे नव्हते. मोठ्या प्राण्यांतला अनुभवही जमिनीवर आणणारा आहे. प्रयोगशाळेत देखणे दिसणारे थरांचे तुकडे उट्रेख्तमध्ये तट्टांच्या गुडघ्यांत बसवून सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा तयार झालेली कूर्चा अपेक्षेच्या मानाने थोडीच होती.

अमेरिकी सरकारच्या आर्पा-एच या संस्थेने संधिवाताच्या सांध्यांसाठी एक मोहीम उघडली आहे आणि २०२४मध्ये तीन विद्यापीठांच्या गटांना तिच्यात घेतलं. त्यातल्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटाचं उद्दिष्ट सगळ्यात धीट: खड्डा बुजवणं सोडून द्यायचं आणि हाड-कूर्चेसकट अख्खा जिवंत गुडघा तयार करून बसवायचा. त्यासाठी पाच वर्षांत सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरपर्यंत निधी आहे. वरवर अतिरेकी वाटतं, पण सगळा सांधा आजारी असेल तर सगळाच बदलावा हा विचार तुकडा चिकटवण्यापेक्षा आजाराला धरून आहे. धातू-प्लास्टिकचा गुडघा गेली पन्नास वर्षं हेच करत आला आहे.

आणि छापलेल्या कूर्चेला टक्कर याच धातू-प्लास्टिकच्या गुडघ्याशी द्यायची आहे. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या पाहणीनुसार, बदललेले शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. भारतात ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून तो मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला. त्यामुळे पासष्टी-सत्तरीच्या माणसासाठी छापलेल्या कूर्चेची आज गरजच फारशी नाही. त्याच्यासाठी चांगला उपाय आहे. खरी गरज आहे पंचेचाळीस ते पंचावन्नच्या माणसाला. गुडघा बदलला तर आयुष्यात पुन्हा एकदा बदलावा लागण्याची भीती, आणि न बदलला तर पुढची दहा-पंधरा वर्षं लंगडत काढायची. आणखी एक प्रश्न खास आपल्याकडचा. रुग्ण डॉक्टरला पहिल्यांदा विचारतो ते ‘मांडी घालून बसता येईल का?’ परदेशातल्या चाचण्या चालणं आणि जिने मोजतात. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं यात गुडघा पूर्ण मिटतो आणि वाटीच्या मागच्या कूर्चेवर जबर दाब येतो. तीच जागा, जिथे १९९४च्या त्या पहिल्या अहवालात सातांपैकी पाच जणांना गुण आला नव्हता. इथल्या गुडघ्यांसाठी होणाऱ्या चाचण्यांनी हे मोजलं पाहिजे.

नजीकच्या काळात कूर्चेचे असे तुकडे आधी तरुण, अपघाती दुखापतींच्या गुडघ्यांत येतील, मग बाक काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जोडीने सुरुवातीच्या संधिवातात, आणि पार झिजलेल्या गुडघ्यांत सगळ्यात शेवटी. तोवर जे हाताशी आहे ते काही कमी नाही. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे मोजलेलं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम दुखणं कमी करतो, हेही. पण व्यायामाची बातमी कोणी पुढे पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. शहरांतून ‘स्टेम सेलने गादी परत आणा’ अशा पाट्या लागलेल्या दिसतात आणि उद्या त्यांवर ‘थ्रीडी’ हा शब्दही चढेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी-रोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत सामील होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे उकळणं त्यात बसत नाही. तेव्हा कोणी गुडघ्यात नवी कूर्चा घालून देतो म्हणाला, तर तीन गोष्टी विचारा: याला औषध महानियंत्रकांची परवानगी आहे का, ही चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय, आणि मला पैसे का भरावे लागत आहेत? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. क्रमांक मिळाला तर घरी जाऊन ताडून पाहा. मिळाला नाही तर चेकबुक बाहेर काढू नका.